आज्जीचा पाट आणि देव्हाऱ्यातला तिसरा टाक

मलप्रभाकाठची

दिवाळीच्या आधी माहेरी गेले होते. खानापूर तालुक्यातलं गाव, मलप्रभेच्या काठाला. आईचे गुडघे धरलेत, म्हणून देव्हारा उजळायचं काम माझ्याकडे आलं. चिंच आणि राख घेऊन बसले. जोतिबा, यल्लम्मा, खंडोबा झाले, पूर्वजांचे दोन टाक (चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या मूर्ती) झाले, आणि तळाशी हिरव्या खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला आणखी एक निघाला. अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा, चांदी काळी पडलेली, कडेला चीर. पागोटं बांधलेला माणूस दिसतो, हातात काठी आहे की तलवार ते झिजून गेलंय.

"हा कुणाचा गं?" आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या आज्जीच्या पयल्या मालकाचा. हाय तिथंच ठेव."

मला ठाऊक होतं, पण आईच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आज्जीचं पहिलं लग्न दहाव्या-अकराव्या वर्षी झालं, नवरा तापानं गेला, आणि चार वर्षांनी तिचा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, माझ्या आजोबांशी लागला. मी नववीत असताना एकदा भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता तिनं सगळं सांगितलं होतं. पाट रात्रीच लागायचा. मांडव नाही, वाजंत्री नाही. सवाष्णींनी त्या रात्री नवरीचं तोंड बघायचं नाही, म्हणून हिला मागच्या सोप्यात भाताच्या पोत्यांच्या आड बसवलं होतं. पहाटे बैलगाडीतनं सासरी. पदराच्या गाठीत हा टाक. आजोबांनी विचारलं, काय आहे? हिनं दाखवला. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, त्योबी घरचाच." आज्जीचं वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं: "मी दोन घरं केलो बाळ, आन दोनी नीट केलो." (आमच्याकडच्या बायका 'मी केलो, मी आलो' असंच बोलतात, बाहेरच्यांना विचित्र वाटेल.)

मग हे लपलं कधी? वडील सोसायटीत निवडून आले, कौलारू घराच्या जागी स्लॅबचं घर झालं आणि आत्याला मोठ्या घराण्यातलं स्थळ सांगून आलं, तेव्हा. बैठकीत पलीकडच्यांनी सुपारी हातात धरून एकच विचारलं, "तुमच्यात पाट लागतो काय?" स्थळ मोडलं. त्यानंतर आमच्या घरात 'पाट' हा शब्द फक्त बसायच्या पाटासाठी उरला. आज्जीलाही सांगण्यात आलं. ती मानी बाई, परत कधी बोलली नाही. टाक मात्र तिनं फेकू दिला नाही.

समाजशास्त्रात याला संस्कृतीकरण म्हणतात. एम. एन. श्रीनिवास यांनी कोडगूतल्या (कूर्गच्या) लोकांचा अभ्यास करून १९५२ साली ही कल्पना मांडली: उतरंडीत खालच्या समजल्या गेलेल्या जाती वरच्यांचे आचार, विधी, खाणं-पिणं उचलतात आणि एक-दोन पिढ्यांनी वरची जागा मागतात. आधी त्यांच्या नजरेसमोर ब्राह्मणी आचार होते. पुढे त्यांनीच सांगितलं की नमुना क्षत्रियाचा असू शकतो किंवा गावात ज्या जातीची जमीन आणि संख्या जास्त तिचाही असू शकतो. आमच्या बाबतीत तोच होता. श्रीनिवास म्हैसूरचे, आणि मुंबई विद्यापीठात त्यांना शिकवणारे गो. स. घुर्ये मालवणचे. सीमेवर बसून हे वाचताना मला त्याचं बरं वाटतं.

पण पुस्तकात जे 'वर चढणं' आहे, ते आमच्या घरात बायकांच्या अंगावरून गेलं. आज्जीच्या दोन्ही वेळी नवऱ्याकडच्यांनी देज, म्हणजे मुलीबद्दल तिच्या बापाला द्यायचा पैसा, दिलं होतं, कारण शेतात राबणारा हात त्यांच्या घरी येणार होता. आईच्या लग्नात देज घेणं म्हणजे पोरगी विकणं झालं होतं, देणंघेणं काहीच नव्हतं. माझ्या लग्नात, १९९२ साली, वडिलांनी दीड एकर गहाण टाकून हुंडा दिला. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, हे तेव्हा मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आज्जी गुडघाभर चिखलात भाताची लावणी करायची, बाजारात स्वतः भाव करायची. आई लग्नानंतर लावणीला गेली नाही, कारण घराण्याला शोभत नाही. तिला डोक्यावरून पदर आला आणि हातात पैसा यायचा थांबला.

आता भाचीचा घटस्फोट झालाय आणि ती दुसरं लग्न करतेय. घरात सगळे म्हणतात, "बेंगळूरचं वारं लागलं." मला प्रत्येक वेळी सांगावंसं वाटतं की हे वारं बेंगळूरचं नाही, आपल्याच मागच्या सोप्यातलं आहे.

तुमच्या घरांत असं काय पुरून ठेवलंय? लिहा.

---

हिंडलग्याचा

ताई, लिखाण मनापासून आवडलं, पण एक बाजू राहिली. पाट म्हणजे बाईची मोकळीक, असं चित्र उभं राहू नये. माझ्या चुलत आजीचा पाट दिराशी लावला, तो जमीन बाहेर जाऊ नये म्हणून. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान दीर. तिला कुणी विचारलं नाही. शिवाय 'लग्नाची बायको' आणि 'पाटाची बायको' हा फरक मरेपर्यंत चालायचा. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, मुंजा-लग्नात पुढं नाही. देज तर बापाच्या हातात जायचं, पोरीच्या नाही.

---

मलप्रभाकाठची

अगदी खरं. आज्जीलाही विचारलं नव्हतं, भावानं ठरवलं. मी एवढंच म्हणते की त्या व्यवस्थेत सतरा वर्षांच्या विधवेला पुन्हा संसार होता, पोटची पोरं होती, शेतात स्वतःचा वाफा होता. आम्ही मोठं घराणं व्हायला निघालो तेव्हा हेच पहिल्यांदा सोडलं. हळदीकुंकवातला दुजाभाव कुणी सोडला नाही. सोडण्यासारखं नेमकं ते राहिलं.

---

कागदपत्री

मी बेळगावच्या कोर्टात वकिली करतो. या विषयात कायद्यानं काय केलं ते सांगतो, कारण ते फार कमी लोकांना माहीत आहे.

विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. शाळेत तो सुधारणा म्हणून शिकवतात, आणि ज्यांच्यात पुनर्विवाह होतच नव्हता त्यांच्यासाठी ती होतीही. पण त्याच्या दुसऱ्या कलमात होतं की विधवेनं पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क, ती मेली असं धरून, संपतो. प्रश्न असा आला की ज्या जातींत पाट आधीपासूनच होता त्यांचं काय? अलाहाबाद उच्च न्यायालयानं धरलं की रूढीनं लग्न करणारीला हे लागू नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १८९६ साली उलट निकाल दिला, हक्क जातोच. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे ताई, तुमच्या आज्जी पहिल्या घरातून तो टाक तेवढा घेऊन आल्या, त्यामागे केवळ रीत नव्हती, कायदाही होता.

दुसरं. काडीमोड आमच्याकडे जुना आहे, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं रूढीनं मिळणारा घटस्फोट कलम २९ मध्ये शाबूत ठेवला आहे. कोर्टात मात्र ती रूढी तुमच्या जातीत होती हे सिद्ध करावं लागतं. आणि इथंच खरी अडचण. माझ्याकडे एक पक्षकार बाई होती. पंचांसमोर काडीमोड होऊन दहा वर्षं झालेली. साक्षीला तिचेच चुलते उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्यात असली रीत कधीच नव्हती." घराण्याची लाज राखायला रीतच नाकारली, बाई अधांतरी राहिली.

तिसरं, मुलींचा वाटा. कर्नाटकानं आणि महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं हिस्सा दिला, केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीच्या कितीतरी आधी. पण अट होती: तोवर लग्न झालेल्या मुलींना नाही. ताई, तुमचं लग्न १९९२ चं. दोन वर्षांनी हुकलं. २००५ नं ती अट काढली.

---

मलप्रभाकाठची

वकीलसाहेब, वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. तो टाक 'आणू दिला' म्हणून आम्ही आजवर पहिल्या सासरचा चांगुलपणा समजत होतो.

आणि २००५ चं विचाराल तर २००९ साली भावानं फोन केला, "अक्का, सही करायला ये." सब-रजिस्ट्रार कचेरीच्या बाहेर झाडाखाली मी आणि धाकटी, दोघींनी हक्कसोडपत्रावर अंगठे आणि सह्या केल्या. कुणी जबरदस्ती केली नाही. माहेर तुटू नये म्हणून केली. येताना भावानं दोघींना साड्या घेतल्या. उताऱ्यावरून आमची नावं गेली.

---

तंबाखूवखार

निपाणीहून. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, पान कापून भिजवलेलं, बोटाला दोऱ्याचे कायमचे वळ. दिवसाला हजार विड्या वळल्या तर घर चालायचं, आणि त्यातल्या छाट म्हणून किती काढून टाकायच्या हे कारखानदाराचा माणूस ठरवायचा. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीत रस्ता अडवला, गोळीबार झाला, ते सगळ्यांना आठवतं. विडीवाल्या बायकांचे मोर्चे कमी जणांना आठवतात. म्हणून मुद्दाम लिहिते.

आम्ही महारवाड्यातले. तुमच्या धाग्यातली शिडी आमच्या दारापर्यंत कधी आलीच नाही. आमच्याही मागच्या पिढ्यांनी प्रयत्न केले: मेलेलं जनावर ओढायचं सोडलं, मांस सोडलं, माळ घातली. तरी विहीर लांबच. मग बाबासाहेब आले. १९२५ साली निपाणीला परिषद झाली, माझ्या आईचे आजोबा तिथं चालत गेले होते, आमच्या घरात ही गोष्ट तीर्थयात्रेसारखी सांगतात. त्याआधी १९२० ला माणगावची परिषद, शाहू महाराजांसमोर. मेलेलं ढोर न ओढणं हे पुढं वरच्यांसारखं होण्यासाठी उरलं नाही, माणूस म्हणून उभं राहण्यासाठी झालं. बाहेरून कृती तीच दिसेल. श्रीनिवासांच्या शब्दात हे मावत नाही. १९५६ ला आमच्या लोकांनी शिडीच सोडली.

पाट आमच्यात कधीच लपवला नाही. माझ्या दोन मावश्यांचे पाट झाले, दिवसाढवळ्या. पण एक दुःख सांगते. भाऊ बँकेत लागला, आणि त्याच्या लग्नात बुद्धवंदना झाली, दोन हार झाले, साधं सुंदर लग्न, आणि रात्री आतल्या खोलीत 'मुलासाठी मोटरसायकल' हा विषय निघाला. मी भांडले. गाडी आलीच.

---

हिंडलग्याचा

शाहू महाराजांचं नाव आलं म्हणून. एकाच माणसात दोन्ही प्रवाह कसे वाहतात याचं ते सगळ्यात जवळचं उदाहरण. १८९९ साली पंचगंगेवर भटजींनी महाराजांसाठी वेदोक्त, म्हणजे वेदातले मंत्र, म्हणायचं नाकारलं, तिथून क्षत्रियत्वाचा झगडा पेटला. आमच्या भागातल्या कुणब्यांच्या घराघरांत 'आपण क्षत्रिय' हे तिथूनच पसरलं. आणि त्याच महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. राजानं दोन्ही गोष्टी दिल्या. आम्ही वेदोक्त उचललं, पुनर्विवाह ठेवून दिला.

आता उलटी गंगा बघा. १९०१ च्या जनगणनेत जनगणना आयुक्त रिस्ले यांनी जातींची प्रतिष्ठेनुसार उतरंड लावायला घेतली, तेव्हा देशभरातून 'आम्हाला वर लिहा' म्हणून अर्ज गेले. आज कर्नाटकात मराठा मागासवर्गीय आरक्षणाच्या ३-ब गटात आहेत आणि २-अ गट मागतात, आणि पलीकडे महाराष्ट्रात आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदी शोधायला मोडी कागद धुंडाळले जात आहेत. माझ्या आजोबांना कुणी कुणबी म्हटलं तर ते ताटावरून उठायचे. त्यांचाच नातू तो शब्द शोधत दप्तरखान्यात बसलाय. मी त्याला दोष देत नाही, शेतीत काही उरलेलं नाही. पण कुणबी हा शब्द परत येतोय तर कुणब्याच्या बाईची जुनी पत पण यावी.

---

दूधगंगा

नमस्कार. माझं माहेर कन्नड लिंगायत, चिक्कोडी भाग. शिक्षण मराठी शाळेत झालं म्हणून इथं वाचते, लिहायला पहिल्यांदा धाडस करते. चुकलं तर सांभाळून घ्या.

पाटाला आमच्यात उडकी म्हणतात. बसवण्णांनी बाराव्या शतकात सांगितलेल्या मार्गात विटाळ नाही, बाईच्या गळ्यातही लिंग. माझ्या आजीची उडकी झाली होती. पण आमच्याकडेही मोठी घरं 'आमच्यात उडकी नाही' हे मिरवायला लागली. भाषा दोन, घरातली लपवाछपवी एकच.

सौंदत्तीची यल्लम्मा तुमची पण, आमची पण. मार्गशीर्ष पुनवेला देवी विधवा होते, बायका डोंगरावर बांगड्या फोडतात. तुम्ही त्याला रांडाव पुनव म्हणता. माघ पुनवेला देवी परत सवाष्ण होते, अहेव पुनव, आम्ही मुत्तैदे हुण्णिमे म्हणतो. नव्या हिरव्या बांगड्या भरतात. लहानपणी मी अव्वाला विचारलं होतं, देवीला दोन महिन्यांत बांगड्या परत मिळतात, मग चिक्कव्वाला का नाही? अव्वा म्हणाली, गप. चिक्कव्वा म्हणजे माझी काकू, एकविसाव्या वर्षी विधवा झालेली.

त्याच देवीच्या नावानं मुली सोडत होते हे पण विसरू नये. कर्नाटकानं १९८२ ला देवदासी बंदीचा कायदा केला. जुनं ते सगळं बाईच्या बाजूचं नव्हतं.

२०२२ मध्ये नदीपलीकडच्या हेरवाडनं, शिरोळ तालुक्यात, ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेल्यावर बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. मी तो ठराव मोठ्यानं वाचून दाखवला. चिक्कव्वा सत्तरीची आहे. ऐकून घेतलं, उठून आत गेली, आणि बऱ्याच वेळानं बाहेर येऊन विचारलं, "त्या गावात आपलं कोण पाहुणं आहे काय?"

---

कागदपत्री

दूधगंगाताई, लिहीत राहा. तुमचं मराठी उत्तम आहे.

---

तंबाखूवखार

चिक्कव्वांचं वाचून रडू आलं. त्यांना माझ्याकडे निपाणीला घेऊन या, बांगड्या मी भरते.

---

सोनचाफा

मीच ती भाची. मावशीनं धाग्याचा दुवा पाठवला, रात्री दोनपर्यंत वाचत बसले.

माझ्या दुसऱ्या लग्नाचं घरी ठरलंय ते असं: बेंगळूरला रजिस्टर करा, दहाच माणसं, संध्याकाळी करा म्हणजे कुणाला कळत नाही, गावच्या गटात फोटो टाकू नका, पत्रिका नको. मामा प्रेमानंच सांगतो, मला त्रास होऊ नये म्हणून. मी हो म्हटलं होतं. पणजीला पोत्यांच्या आड बसवलं होतं हे वाचलं आणि लॅपटॉप बंद केला.

मी आयटीत आहे, स्वतः कमावते, कोर्टातून घटस्फोट घेतलाय. तिच्याकडे यातलं काही नव्हतं. तरी तिनं पहिल्या माणसाची आठवण पदराला बांधून दुसऱ्या घरात उघड नेली, आणि पणजोबांनी ती ठेवून घेतली. माझ्या पहिल्या सात वर्षांबद्दल मात्र सगळे असं वागतात, जणू मी तेव्हा कुठंतरी परगावी होते.

मी मामाला सांगितलं आहे, लग्न गावात, सकाळी, मांडवात. आज्जीला विचारायचं राहिलंय. आणि मावशी, तो टाक मला हवाय. निदान लग्नाच्या दिवशी समोर असावा.

---

हिंडलग्याचा

पोरी, आम्हाला पत्रिका पाठव. हिंडलग्याहून मी बायकोला घेऊन येतो, सवाष्णीचं ताट तीच वाढेल.

---

मलप्रभाकाठची

काल परत माहेरी जाऊन आले. आईला सगळं वाचून दाखवलं, तुमचे प्रतिसादसुद्धा. वकीलसाहेबांचं लिहिलेलं तिनं दोनदा वाचायला लावलं. हक्कसोडीचा भाग आला तेव्हा भाऊ उठून गोठ्याकडे गेला. त्यावर अजून बोलणं झालेलं नाही, होईल.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग देव्हाऱ्यातून खण काढला, टाक हातावर घेतला, पदरानं पुसला. म्हणाली, "कडंला चिरलंय. आसा मांडवात ठिवू नये. शापूरला सोनाराकडं दे."

आज शहापूरच्या सराफात देऊन आले. सोनार म्हणाला, चांदी फार पातळ झालीय, पुढून डाग दिला तर चेहरा जाईल, मागून पत्रा लावून देतो. शनिवारी मिळेल.